उंबराला बांधलेला दोर

चेअरमननं पिकअपवाल्याला फसवलं.

हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे मी आडून बोलतो असं पुढं कुणी म्हणायला नको. चेअरमन म्हणजे आमच्या मुळशी खोऱ्यातल्या एका गावच्या सोसायटीचा चेअरमन. गावाचं नाव लिहीत नाही. घोटावड्याच्या पलीकडं नदीला लागून आहे, कळायचं त्यांना कळेल. पैशाला फसवलं असतं तर मी कागद खराब केला नसता. पैसा कसा वसूल करायचा ते मला चांगलं कळतं. पण चेअरमननं त्या माणसाचा उजवा हात घालवला, आणि तो हात त्याच्याच पापानं गेला असं वर सगळीकडं पसरवलं. मी तिथं उभा होतो. मी पाहिलंय.

माझा धंदा जुन्या इंजिनांचा. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. भाव करायला मी मेंढरांच्या बाजारात शिकलो, जिथं रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो आणि तोंडानं नुसत्या शिव्या देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर लष्करानं जुनं लोखंड लिलावात काढलं, तेव्हा मी मेंढरं विकून त्यात उतरलो. कुणी हात धरून शिकवलं नाही. मोडकी इंजिनं घ्यायची, चालू करायची आणि मावळात विहिरींवर, गिरण्यांवर बसवून द्यायची. वीज अजून आमच्याकडं आली नव्हती. इंजिन विकणं सोपं होतं. ते गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन खाली उतरवणं, तिथं माझा जीव जायचा. हमालांची टोळी आणावी लागायची, त्यांचा आरडाओरडा, त्यांची चहापाणी, आणि इतकं करून एखाद्याचा पाय चेचायचा किंवा इंजिनाचं चाक फुटायचं.

मग कुणीतरी मला पिरंगुटच्या नानाचं नाव सांगितलं. लोक त्याला तोंडावर नाना म्हणायचे आणि पाठीमागं एकट्या. त्याच्याकडं लष्करी लिलावातलीच एक पिकअप होती. दारं गेलेली, टपाच्या जागी ताडपत्री. तिला तो गाडी म्हणायचा नाही, 'आमची' म्हणायचा. आमची आज रुसलीया, आमचीनं आज पानी लई पिलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो तिच्याखाली उताणा पडून काहीतरी आवळत होता. नुसते पाय दिसत होते. मी पायांशीच बोललो.

"नाना, माण गावाला एक इंजिन न्यायचंय. काय घ्याल?"

पायांनी आकडा सांगितला. मी माझ्या सवयीनं निम्म्यावर आलो. पाय बाहेर आले, मागून माणूस आला. काळाकभिन्न, मिशी नाही, डोक्याला मळका पटका. माझ्याकडं न बघता त्यानं हँडल मारलं, गाडीत बसला आणि निघून गेला. त्याच्याच दारातून! मी त्याच्या अंगणात एकटा उभा. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. मी कित्येक सौदे मोडून उठून गेलो होतो, पण स्वतःच्या घरातून उठून जाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

त्याची बायको दारात आली. म्हणाली, "बसा दादा, च्या टाकते. त्ये आता पौडापोतर जात्याल अन् येत्याल."

"कशाला?"

"राग उतराया. आलं म्हंजी त्यांनी सांगितल्यालं कबूल करा. न्हाईतर पुन्ना जात्याल, अन् घरात राकेलला पैसा न्हाई, त्यो पेट्रोलात जातुया."

मी चहा पिऊन बसलो. तो आला. मी त्याचा आकडा कबूल केला. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा तो म्हणाला, "आता दुसरं ऐक. उतरवताना हात लावायचा न्हाई कुनी. तू बी न्हाई."

"आणि हमाल?"

"हमालास्नी तुज्या घरी जेवाया बोलीव. हितं त्येंचं काम न्हाई."

माणला त्या दिवशी मी जे पाहिलं ते नीट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इंजिन एका विहिरीवर बसवायचं होतं. जड, ओतीव लोखंडाचं, दोन्ही बाजूंना दोन चाकं. नाना पोचल्यावर आधी जेवला. गाडीच्या सावलीत बसून भाकरी, कांदा आणि लाल चटणी, सावकाश. शेताचा मालक घाई करू लागला, तर म्हणाला, "उपाशी मानूस घाई करतो. तुमी बी जेवून या." मग अनवाणी पायांनी जमीन फिरला, टाचेनं दाबून दाबून बघितली. मग तांब्याभर पाणी गाडीच्या हौद्यात ओतलं आणि ते कुणीकडं पळतं ते बघत उभा राहिला. पाणी डावीकडं गेलं तर डाव्या चाकाखाली दगड. पुन्हा पाणी. पाणी जागच्या जागी पसरलं तेव्हा त्याचं समाधान झालं.

मग कुदळ घेऊन मागच्या चाकांसाठी दोन चर खणले आणि गाडी उलटी आणून चाकं त्यात उतरवली. गाडीचा मागचा भाग खाली बसला. "बैल बसवत्यात का न्हाई? तशी बसवायची. उभ्या जनावरावरनं कुनी वजं उतरवतं व्हय?" पुढच्या चाकांना दगड लावले. हौद्याचा मागचा फाळका उघडून त्याच्या खाली लाकडाचे ठोकळे रचले, कारण वजन मागं सरकलं की गाडी पुढून उचलते आणि सगळा खेळ खलास होतो. हौद्यापासून जमिनीपर्यंत दोन सागवानी फळ्या टाकल्या. इंजिनाखाली लोखंडी नळीचे तुकडे सरकवले, त्यांना तो रूळ म्हणायचा. आणि शेवटी दोर.

दोराचं एक टोक इंजिनाला. दुसरं टोक गाडीच्या पुढं एका आंब्याच्या बुंध्याकडं नेऊन त्याला वेढे दिले. हे वेढे म्हणजेच सगळं. दोर हातानं धरला तर इंजिन माणसाला ओढून नेईल. पण बुंध्याला वेढे असले की एक माणूस दोन बोटांनी तो सैल सोडतो आणि दोन बोटांनी थांबवतो. नाना झाडाशी उभा राहून थोडा दोर सोडायचा, बांधायचा, मग गाडीमागं जायचा. इंजिन जेवढं उतरलं असेल तेवढ्यावर पाचर मारायची, मागं सुटलेला रूळ काढून पुढं लावायचा, परत झाडाशी. हे करताना तो कधीच इंजिनाच्या खालच्या बाजूला उभा राहायचा नाही. कडेला उभं राहायचं आणि फक्त हात आत घालायचा, रूळ ठेवण्यापुरता. "म्होरं उभं ऱ्हायलं म्हंजी तिला वाटतं आपल्याला घ्यायाच आलाय," असं म्हणायचा. इंजिनाशी बोलायचा तो. पाव्हणी म्हणायचा. "दमानं, पाव्हणे. हितंच नांदायचंय तुला. पळून कुटं जाशील?"

दुपार कलायच्या आत इंजिन विहिरीकाठच्या चौथऱ्यावर होतं आणि नाना पुन्हा भाकरी खात होता.

एकट्यानंच का, हे लोक त्याला हजारदा विचारायचे. तो प्रत्येकाला वेगळं सांगायचा. एकाला सांगितलं, माझ्या पत्रिकेत आहे. दुसऱ्याला सांगितलं, मला घामाचा वास सहन होत नाही. त्याची बायको म्हणायची, "ह्येंचं कुनासंगं जमत न्हाई, येवढंच हाय त्ये. बाहीर येवढी इंजनं उतरवत्यात, अन् घरातला पान्याचा हंडा उतरवायला मला हाक मारत्यात." मला त्यानं एकदाच, माणहून परत येताना, सरळ उत्तर दिलं.

"चौघांनी धरलं का परतेकाला वाटतं, बाकीचं तिघं धरत्यात. झाडाला तसं वाटत न्हाई."

माणूस गोड होता असं कुणी समजू नये. तोंड कुजकं, बढाईखोर आणि हेकट. नेऱ्याला एका बागायतदाराकडं इंजिन नेलं होतं. सगळी तयारी झाली, आणि बागायतदाराचा जावई पुढं होऊन कौतुकानं इंजिनावर हात ठेवून उभा राहिला. नुसता ठेवला. नानानं दोर गुंडाळला, फळ्या आत टाकल्या, फाळका लावला.

बागायतदार धावला. "अवो, जावई हायेत आमचं! मान हाय त्येंचा!"

"मान घरात द्या. हितं बोट जाईल त्येंचं, मग म्हनशीला नानानं तोडलं."

आणि इंजिन घेऊन माझ्या शेडवर परत. मी त्याला वाटेल तसा बोललो. माझं गिऱ्हाईक, माझं इंजिन, माझी अब्रू! तो ऐकून घेऊन म्हणाला, "इंजान तुजं हाय, शेठ. उतरवनं माजं हाय. त्यात तुजा भाव न्हाई." शेवटी बागायतदारानं जावयाला त्याच्या गावी धाडून दिलं आणि निरोप पाठवला की आता या. नाना गेला, आणि जाताना जावयासाठी पेढे घेऊन गेला. जावई नाही म्हटल्यावर स्वतःच खाल्ले.

असा माणूस. मी त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडलो आणि एकदाही दुसऱ्याकडं गेलो नाही. त्यानं उतरवलेल्या एकाही इंजिनाला तडा गेला नाही आणि एकाही माणसाला खरचटलं नाही. मावळात एखाद्याच्या दारी मोठं यंत्र आलं की लोक विचारायचे, "एकट्या येनार हाय का?" हीच त्याची कमाई होती. नाव.

आता चेअरमनकडं येतो.

आणे जाऊन नवे पैसे आले होते, त्या सुमाराला त्या गावात सोसायटीची भात गिरणी निघाली. आंबेमोहोर पिकवणारं गाव, आणि भात कांडायला बैलगाड्या भरून दूर न्यावं लागायचं. गिरणीसाठी मोठं इंजिन माझ्याकडून घेतलं. गिरणीचा पत्रा उभा राहिला होता भैरवनाथाच्या देवळाशेजारी, आणि गाडी लावायला जी एकच जागा होती तिच्यासमोर एकच झाड होतं. देवाचा उंबर. त्याच्या मुळाशी शेंदरी दगड.

नाना आदल्या दिवशी जागा बघायला आला, मीही होतो. झाड बघून तो थेट देवळात गेला आणि गुरवाला विचारलं, "देवा, झाडाला दोर लावला तर चालंल का?"

गुरव म्हातारा, शांत माणूस. म्हणाला, "पोतं गुंडाळ अन् बांध. साल नको सोलू. देवाच्या दारात गावाचीच गिरन येतीया, देव कशाला न्हाई म्हनंल?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी नानानं सगळं नेहमीसारखं केलं. पोतं गुंडाळलं, वेढे दिले, चर खणले, पाणी ओतलं. गाव जमलं होतं पण लांब उभं होतं, कारण नानानं दगड मांडून हद्द आखली होती. इंजिन फळ्यांच्या मध्यावर आलं होतं, तेव्हा ताशा वाजवत चेअरमन आला. सोबत तालुक्याचे पाहुणे. अंगात परीटघडीचा सदरा, हातात नारळ.

चेअरमननं गाव बघितलं, लांब उभं. एक पटकेवाला बघितला, गाडीमागं. आणि उंबराला बांधलेला दोर बघितला. त्याचं तोंड बिघडलं. मला खरं कारण तेव्हाच कळलं होतं आणि आजही तेच म्हणतो. पाहुण्यांना त्यानं सांगून आणलं होतं की आमचं गाव एका हातानं उभं राहतं, आणि इथं गाव तमाशा बघत होतं आणि काम पिरंगुटचा एक उपरा करत होता. झाड हे नुसतं निमित्त झालं.

"देवाच्या झाडाला फास?" तो ओरडला. "कुनी लावला? सोडा त्यो! गावाचं इंजान गावाचं हात उतरवतील. धरा रं दोर!"

नाना त्या वेळी गाडीच्या मागं होता. झाड गाडीच्या पुढं. मधे हौदा, ताडपत्री आणि वर ताशाचा कडकडाट. त्यानं दोर बांधून ठेवला होता आणि कडेला वाकून, हात आत घालून रूळ लावत होता. त्याला काहीही दिसलं नाही. मी इंजिनासाठी बांधलेल्या चौथऱ्यापाशी होतो. मला चेअरमन दिसला, पोरं दगड ओलांडून धावताना दिसली, बुंध्यावरचे वेढे सुटताना दिसले. मी ओरडलो, "दोर! नाना, हात काढ!" ताशापुढं माझा आवाज काय जाणार!

तरीही इंजिन थांबलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो. गावातले तगडे गडी होते, त्यांनी दोर धरला होता, पाय रोवले होते, आणि तो धरून ठेवला होता. तेवढ्यावर चेअरमन गप्प बसला असता तर नानानं मान वर करून बघितलं असतं आणि आज मी हे लिहीत नसतो.

पण पाहुणे समोर होते. चेअरमननं नारळ फोडला आणि दोन्ही हात वर करून गर्जना केली, "नाथसायबाच्या नावानं!"

आता आमच्या गावांत हे आईच्या दुधाबरोबर येतं. देवाच्या नावाची हाळी कानावर पडली की दोन्ही हात वर जातात. विचार करायला वेळच नसतो. झोपेतल्या माणसाच्या कानात म्हटलं तरी हात वर जातील.

"चांगभलं!"

सगळे हात वर गेले. दोर धरलेलेसुद्धा.

इंजिन पाचरीवरून उडालं आणि फळ्यांवरून खाली आलं. नानाचा हात आत होता. तो ओरडला नाही. ओरडलं गाव. मी पोचलो तेव्हा इंजिन जमिनीत रुतून बसलं होतं, आणि नाना फळीला टेकून उभा होता, उजवा हात पटक्यात गुंडाळत. पटका भिजून लाल झालेला. मी म्हटलं, चल, पुण्याला, दवाखान्यात. तो म्हणाला, "आदी तिला दगड लाव. अजून हलतीया."

"नाना, हात—"

"दगड लाव म्हनतो ना! कुनाच्या पायावर यील."

मी दगड लावले. मगच तो गाडीत बसला. त्याची गाडी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची मी चालवली. चांदणी चौकाचा चढ येईपर्यंत तो मला शिव्या देत होता. "क्लच दमानं सोड. पाव्हणी मी हाय आज." मधे एकदाच विचारलं, "दोर कसा सुटला?" मी सांगितलं. त्यानं पटका दातांनी आणखी आवळला. मग म्हणाला, "समद्यांनी हात वर केलं?"

"सगळ्यांनी."

"म्या तितं असतो तर म्या बी केलं असतं," तो म्हणाला. आणि हसला. रक्तानं माखलेला माणूस हसत होता, आणि माझ्या अंगाची आग आग होत होती. त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. माझा होता. आहे.

मनगटापासून पुढं काही वाचलं नाही.

इंजिन मात्र बिघडलं नाही. गिरणी सुरू झाली. आणि गिरणीच्या भकभकीबरोबर चेअरमनची गोष्टही सुरू झाली. त्या उपऱ्यानं देवाच्या झाडाला फास लावला. आम्ही सोडवायला गेलो. देवानं आमच्या हातातून दोर सोडवला आणि त्याचा हात घेतला. गोष्ट किती सुबक आहे बघा. यात चेअरमन कुठंच नाही. ज्यांनी दोर सोडला त्या गड्यांनाही ती बरी पडली, कारण त्यांना रात्री झोप येऊ लागली. गोष्ट घोटावड्याला गेली, नेऱ्याला गेली, माणला गेली. ज्या लोकांच्या विहिरींवर नानानं उतरवलेली इंजिनं चालत होती, ते मला म्हणू लागले, "इंजान द्या, पर त्यो नको. देवाचा कोप झाल्याला मानूस. त्याची गाडी आमच्या दारात नको."

हात गेला तेव्हा त्याचं अर्धं गेलं होतं. हे नाव गेलं तेव्हा उरलेलं गेलं. पिकअप अंगणात उभी राहिली, कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या.

वर चेअरमननं निरोप धाडला. देवळात येऊन नारळ ठेव, गावाला जेवण घाल, चूक झाली म्हण, मग मोकळा. मी त्या वेळी नानाच्या अंगणात बसलो होतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तो म्हणाला, "म्या देवाला इच्यारून बांधला व्हता. ज्यानं न इच्यारता सोडला त्यानं जेवण घालावं. आमी नवराबायको येऊ पंगतीला, सांग त्याला. डाव्या हातानं जेवीन."

मी गुरवाकडं गेलो. म्हटलं, तू परवानगी दिली होतीस, चावडीवर येऊन सांग. गुरव समईची वात सारखी करत राहिला. त्याची जमीन देवस्थानची आणि देवस्थान चेअरमनच्या हातात. मी त्याला फार बोललो नाही. मग चेअरमनच्या वाड्यावर गेलो. तिथं बोललो.

"तू कोन रं मला इच्यारनारा?" चेअरमन म्हणाला. "मेंढक्याचा यापारी कवा झालास?"

"तुमी दोर सोडाया सांगितला तवापासनं," मी म्हटलं. मला हाकलून दिलं. ठीक.

पण मी भाव करणारा माणूस आहे. गिऱ्हाइकाला गरज कधी लागते याची वाट बघत बसणं हाच माझा धंदा. दुसऱ्या वर्षी सुगीच्या तोंडावर त्या गिरणीला मोठी चक्की हवी होती. तशी चक्की आसपास माझ्याकडंच होती. चेअरमननं माणूस पाठवला. मी किमतीत एका शब्दानं ताणलं नाही. म्हटलं, अट एकच. चक्की नाना उतरवील. तो नसेल तर चक्की शेडमधून हलणार नाही. तो माणूस चार खेपा आला आणि गेला. भात खळ्यावर येऊन पडलं तेव्हा चेअरमनचा होकार आला. देवाच्या झाडाला दोर लावायचा नाही, एवढं त्यानं आपल्या बाजूनं राखलं.

मी नानाला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं, तो नको म्हणेल. एका हातानं कसं करणार? तो कोंबड्यांना हौद्यातून हुसकत म्हणाला, "झाड नको तर नको. झाड आमी घिऊन जाऊ."

चक्की उतरवायच्या आदल्या दिवशी पहाटेच तो सागाचा एक जुनाट ओंडका गाडीत घालून, उजव्या खुंटानं स्टिअरिंग दाबत, स्वतःच गाडी चालवत गेला. उंबरापासून हटून, मोकळ्या जागेवर, खड्डा खणायला बसला. डाव्या हातात पहार, उजव्याचं कोपर पहारीवर दाबून. गाव येता जाता बघत होतं. कुणी हात लावायला आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यानं हाकललं असतं. बायका पाण्याला जाताना थांबायच्या. एक म्हातारी म्हणाली, "आरं, किती खनतोस? हीर काडतोस व्हय?" नाना खड्ड्यातून म्हणाला, "तुमच्या गावात झाड लई वर हाय, म्हातारे. म्या खाली लावतुया." दिवस मावळायला ओंडका उभा राहिला, माणसाच्या छातीएवढा वर, आणि त्याहून जास्त जमिनीत. भोवती दगड ठोकून ठोकून बसवलेले.

दुसऱ्या दिवशी तो जेवला. पाणी ओतलं. चर खणले. ओंडक्याला वेढे दिले, डाव्या हातानं आणि दातांनी. अख्खं गाव दगडांच्या हद्दीबाहेर उभं होतं, पण या वेळी कुणी बोलत नव्हतं. ताशा नव्हता. चेअरमन देवळाच्या पायरीवर बसला होता. नाना दोर सोडायचा, बांधायचा, मागं जायचा, पाचर मारायचा, परत यायचा. तुटक्या हाताच्या खुंटानं तो रूळ ढकलायचा. मला बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. "दमानं, पाव्हणे," म्हणत होता. "मागच्या बहिनीगत नगं करू."

चक्की जागेवर बसली. पाचरी मारून झाल्या. गर्दीतून कुणाच्या तरी तोंडून, सवयीनंच, हाळी गेली, "नाथसायबाच्या नावानं!" आणि शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं असावं, कारण पुढचा आवाज आलाच नाही. सगळे हात अर्धवट वर येऊन थांबले.

नाना दोर गुंडाळत होता. मागं न वळता म्हणाला, "करा की. आता करा वर हात. आता काय पडनार न्हाई."

कुणी केले नाहीत. तो देवळात गेला, नाथाला डाव्या हातानं नमस्कार केला आणि चेअरमनच्या शेजारून पायऱ्या उतरून गाडीत बसला. चेअरमनकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्याला कामं येऊ लागली. पूर्वीसारखी नाहीत, पण आली. दोन वर्षांमागं तो गेला, तापानं, अंथरुणात. त्याला चौघांनी खांदा दिला, मी एक होतो. मला सारखं वाटत होतं, हे त्याला आवडलं नसतं.

आता हे मी आज का लिहितोय, तर परवा त्या गावच्या जत्रेला गेलो होतो. ओंडका अजून उभा आहे. त्याला कुणी उपटू शकलं नाही. पण त्याला आता शेंदूर आहे. वर चांदीचे डोळे बसवलेत. लोक सांगतात, हा नाथानं रातोरात उभा केलेला खांब, यानंच चक्की धरून ठेवली. आणि त्याच्यापुढं पहिला नारळ फोडायचा मान कुणाचा? चेअरमनचा. त्यानं फोडला. डोळे मिटून. माझ्यासमोर.

नानाच्या ओंडक्याला देव केलात, माझी हरकत नाही. त्याला स्वतःलाही हसू आलं असतं. पण त्याचा हात घालवला तो देवानं नाही, आणि त्यानं देवाचा काही गुन्हा केला नव्हता, हे अजून एकाही माणसानं त्या गावात उभं राहून म्हटलेलं नाही. त्याची बायको अजून पिरंगुटला आहे. तिला बाजारात अजूनही बायका विचारतात, तुझ्या नवऱ्यावर नाथ का कोपला होता म्हणून.

तर चेअरमन, पुढच्या जत्रेला मी त्या बाईला घेऊन येणार आहे. ओंडक्यासमोर पहिल्या रांगेत आम्ही उभे राहू. तुम्ही नारळ घेऊन याल. हाळी द्यायच्या आधी तिच्याकडं तोंड करून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, उंबराचे वेढे कुणाच्या सांगण्यावरून सुटले. नाही सांगितलंत आणि तशीच हाळी दिलीत, तर सगळ्या गावाचे हात वर जातील, जातातच. माझे दोन्ही खाली असतील. मग गाव मला विचारील की का, आणि मी सांगेन.